दोनशे तासांचा उलटा हिशेब

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेले अलायन्स एअरचे एटीआर-७२ विमान बेलोऱ्याच्या १,८५० मीटरच्या धावपट्टीवर उतरले आणि अमरावतीची नियमित विमानसेवा सुरू झाली. त्याआधीच, जुलै २०२४ मध्ये, एअर इंडियाने याच बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले होते. या दोन बातम्यांनंतर वऱ्हाडातल्या घरांमधले बोलणे बदलले. पूर्वी अकोल्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या पोराने "मला पायलट व्हायचंय" म्हटले, की घरातले हसून त्याला इंजिनिअरिंगच्या क्लासला धाडत. आता वडील विचारतात, "किती लागतात?"

या प्रश्नाचे उत्तर घेऊन आधी पोचतात ते एजंट. हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत मार्गदर्शन शिबिर असते. पडद्यावर फ्लोरिडाचे निळे आकाश असते आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला तरुण सांगत असतो की अठरा महिन्यांत तुमचा मुलगा कॅप्टन. हे वाक्य खरे नाही. व्यावसायिक परवाना हातात आला की माणूस फार तर सहवैमानिक होण्याच्या रांगेत उभा राहतो. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्यासाठी भारतात वयाची २१ वर्षे आणि १,५०० तासांचे उड्डाण लागते. अशा हॉलमध्ये मागच्या खुर्चीवरून एखादा कास्तकार हात वर करून विचारतो, "सारे पैसे एकदमच भरा लागते काय?" सगळे त्याच्याकडे वळून बघतात. माझ्या मते त्या दिवशी हॉलमध्ये विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच असतो. त्याकडे आपण पुढे येऊच.

आधी मूळ गोष्ट. परदेशातली फ्लाइंग स्कूल निवडताना लोक देशापासून सुरुवात करतात. अमेरिका की कॅनडा, दक्षिण आफ्रिका की फिलिपिन्स? सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. मुलाला शेवटी इंडिगोत किंवा एअर इंडियात नोकरी करायची असेल, तर त्याच्या हातात भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना हवा. परदेशातून तो जे घेऊन येईल ते कच्चा माल समजा. त्यातले डीजीसीए किती मोजून घेते, यावर सगळे ठरते. म्हणून हिशेब उलटा मांडायचा: डीजीसीएला काय लागते ते कागदावर आधी लिहायचे आणि मग कोणती शाळा ते देते ते शोधायचे.

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीएला एकूण २०० तास लागतात. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या पोटातले आकडे मात्र फार कमी लोक बघतात. त्या २०० मधले १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन केलेले हवेत आणि त्यातले किमान १५ तास अगदी अलीकडच्या सहा महिन्यांतले हवेत. २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या लांब उड्डाणांचे हवेत आणि त्यात एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून केलेले असावे लागते. ३०० सागरी मैल म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर. अकोल्याहून मुंबईचे सरळ हवाई अंतर याहून कमी भरते, यावरून त्या पोराने एकट्याने किती लांब जायचे असते याचा अंदाज यावा. १० तास फक्त उपकरणांकडे बघून उडवण्याचे. त्यातले ५ तासांपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. आणि ५ तास रात्रीचे, किमान १० उड्डाणे आणि १० उतरणी यांच्यासह.

ही यादी भिंतीवर चिकटवून ठेवावी. एजंटच्या कोणत्याही रंगीत पुस्तिकेपेक्षा ती जास्त कामाची आहे.

आता ही यादी घेऊन बाहेरच्या देशांकडे बघा. युरोपात 'इंटिग्रेटेड' नावाचा सलग अभ्यासक्रम फार नावाजलेला आहे. तिथे १३ विषयांची लेखी परीक्षा असते आणि शिकवणीचा दर्जा उत्तम असतो. पण त्या मार्गाने १५० तासांत सीपीएल मिळतो आणि पायलट इन कमांडचे तास ७० पुरतात. ऑस्ट्रेलियातही इंटिग्रेटेड मार्गाने १५० तासांत परवाना मिळतो. तिथला मुलगा तिथे पूर्ण वैमानिक, पण भारतात उतरला की ५० तासांनी कमी. ते ५० तास मग कुठेतरी वेगळे पैसे मोजून करायचे. अमेरिकेत दोन प्रकारच्या शाळा असतात. तिथल्या नियमावलीच्या कलमांवरून त्यांना पार्ट ६१ आणि पार्ट १४१ म्हणतात. पार्ट ६१ मध्ये विद्यार्थ्याच्या सोयीने शिकवतात आणि परवान्याला २५० तास लागतात. पार्ट १४१ मध्ये मंजूर अभ्यासक्रम पायरीपायरीने चालतो आणि १९० तासांतही परवाना मिळू शकतो. म्हणजे अमेरिकेत लवकर मोकळा झालेला मुलगा भारतासाठी १० तास अपुरा ठरू शकतो. शाळा त्याला हे सांगेलच असे नाही, कारण शाळेच्या दृष्टीने तिचे काम झालेले असते.

अमेरिकेच्या बाबतीत एक बारकावा याहून महागात पडतो आणि तो लॉगबुकमध्ये लपलेला असतो. लॉगबुक म्हणजे वैमानिकाची उड्डाणवही. आडव्या पानावर रकाने असतात: तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, शिक्षकासह, पायलट इन कमांड, रात्र, उपकरणे. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ, तास दशांशात: १.२, ०.९, २.४. आता अमेरिकेचा नियम असा, की ज्या प्रकारच्या विमानाचा परवाना विद्यार्थ्याकडे आहे, ते विमान तो स्वतः हाताळत असेल, तर शेजारी शिक्षक बसलेला असतानाही तो वेळ तो 'शिक्षकासह' आणि 'पायलट इन कमांड' अशा दोन्ही रकान्यांत लिहू शकतो. तसेच एक विद्यार्थी डोळ्यांवर झापड लावून फक्त उपकरणांवर विमान चालवतो आणि दुसरा शेजारी बसून बाहेर लक्ष ठेवतो, अशा उड्डाणात दोघेही तोच वेळ आपापल्या वहीत कमांडचा म्हणून लिहू शकतात. अमेरिकेत हे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि कोणी फसवत नसते. पण आपल्याकडे शिक्षक शेजारी असलेला तास हा शिकण्याचा तास मानला जातो. मुलगा १३० तास कमांडचे घेऊन येतो आणि छाननीत त्यातले किती टिकतील याची खात्री कोणालाच नसते.

म्हणून परदेशी शाळेला विचारायचा पहिला प्रश्न असा: तुमच्या अभ्यासक्रमात माझा मुलगा विमानात एकटा, दुसरे कोणीही नसताना, किती तास उडवेल? एकट्याने केलेल्या तासावर कुठल्याही देशात वाद होत नाही. आणि वही भरताना पहिल्या दिवसापासून भारतीय पद्धतीने एक वेगळी बेरीज ठेवायची. संध्याकाळी खोलीवर आल्यावर पाच मिनिटांचे काम आहे ते.

इथे थोडे थांबून विचारू, की परदेशात जायचेच कशाला? कारणे खरी आहेत. अमेरिकेत छोट्या विमानांसाठी खुले हजारो विमानतळ आहेत, विमाने मुबलक आहेत, आणि चांगल्या हवेच्या प्रदेशात विद्यार्थी आठवड्यातून चार-पाच दिवस उडतो. वर्षभरात प्रशिक्षण आटोपते. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत हेच काम दोन-दोन, तीन-तीन वर्षे लांबल्याची उदाहरणे आहेत. विमान दुरुस्तीला, शिक्षक सोडून गेलेला, धावपट्टीवर प्रवासी विमानाची वेळ. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधून २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडणारे कॅप्टन अमोल यादव वैमानिक झाले तेही अमेरिकेत शिकून. त्यांच्या पिढीत हा रस्ता मोजक्यांचा होता, आज तो रुळलेला आहे.

हवेचा मुद्दा मात्र वऱ्हाडच्या माणसाला वेगळ्या रीतीने समजावून सांगायला हवा. विमान हवेवर तरंगते आणि हवा तापली की विरळ होते. अकोल्याचा शिवणी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश धरतात. त्याहून जितके अंश जास्त, तितके दर अंशाला साधारण १२० फूट उंचीत मिळवायचे, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ वर गेला, की ३१ अंशांचे ३,७२० फूट होतात. म्हणजे अकोल्यात जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला आपण ४,७०० फुटांवर असल्यासारखे वाटते. आपले चिखलदरा सुमारे ३,६०० फुटांवर आहे. भर उन्हाळ्यात अकोल्याच्या धावपट्टीवरचे विमान चिखलदऱ्याहून हजार फूट वरच्या हवेत असल्याप्रमाणे धापा टाकते. दोन माणसे आणि पूर्ण टाकी भरलेली सेस्ना १७२ अशा वेळी उचलायला लांब धावते आणि हळू चढते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे उडवतात आणि दुपारी विमाने झाकून ठेवतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनातही हेच होते, हे मात्र शिबिरात सांगत नाहीत.

दर देशाला स्वतःचे काही ना काही असतेच. फिलिपिन्स स्वस्त आहे आणि इंग्रजी चालते, पण तिथे वादळांचा मोसम लांब असतो. कॅनडात हिवाळा कडक असतो, तास रेंगाळतात. दक्षिण आफ्रिकेची हवा चांगली, आणि तिथल्या पोर्ट आल्फ्रेडच्या शाळेत इंडिगोचे कॅडेटही शिकलेले आहेत. एवढे लक्षात ठेवून, निवडलेल्या गावाचे बारा महिन्यांचे हवामान बघावे. देशाचे बघून उपयोग नाही. गावाचेच बघावे.

अमेरिकेला जाणाऱ्याने व्हिसाची भानगडही समजून घ्यावी. बहुतेक फ्लाइंग स्कूल एम-१ व्हिसावर प्रवेश देतात. हा व्यवसाय शिक्षणाचा व्हिसा आहे. तिथे राहून 'शिक्षकाची नोकरी करू, तास वाढवू आणि कर्ज फेडू' असे गणित एजंट मांडतो, पण एम-१ वर प्रशिक्षणानंतर कामाची मुभा जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते आणि तीही शिकलेल्या दर चार महिन्यांमागे एक महिना या प्रमाणात. हा व्हिसा नंतर एफ-१ विद्यार्थी व्हिसात बदलूनही मिळत नाही. एफ-१ वर प्रवेश देणाऱ्या शाळा मोजक्या असतात. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला उड्डाण सुरू करण्यापूर्वी तिथल्या सुरक्षा यंत्रणेची वेगळी मंजुरी लागते. ती येईपर्यंत राहण्याचा-खाण्याचा खर्च चालूच राहतो.

आता शाळेच्या आत जाऊ.

इमारत, गणवेश, संकेतस्थळ या गोष्टींवरून काहीच कळत नाही. कळते ते तीन गोष्टींवरून. पहिले, विमाने किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, आणि विद्यार्थी किती? तीस विमाने आहेत असे म्हणणाऱ्या शाळेत निम्मी हँगरमध्ये पाय वर करून पडलेली असू शकतात. अमेरिकेत भाड्याने चालणाऱ्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी सक्तीची आहे. ती शाळा स्वतःच्या तंत्रज्ञांकडून करते की बाहेर पाठवते, यावर विमान दोन दिवस जमिनीवर राहते की दोन आठवडे, हे ठरते. दुसरे, शिक्षक. परदेशात बहुतेक शिक्षक हे स्वतःच तास जमवणारे तरुण असतात. त्यांचे १,५०० तास झाले की ते एअरलाइनमध्ये जातात. एका विद्यार्थ्याला वर्षात चार शिक्षक बदलले, तर प्रत्येक नवा शिक्षक सुरुवातीचे धडे पुन्हा तपासून घेतो. ते चुकीचे नाही, पण त्याचे पैसे विद्यार्थीच भरतो. तिसरे, मुख्य परीक्षा घेणारा परीक्षक शाळेला किती दिवसांनी मिळतो? काही ठिकाणी परीक्षेची तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे जातात आणि तोवर सराव सुटू नये म्हणून जादा उड्डाण करावे लागते.

एक छोटी वस्तू दाखवतो. विमानात दोन प्रकारचे तास मोजणारे मीटर असतात. हॉब्स मीटर इंजिन चालू झाले की घड्याळासारखा पुढे सरकतो. टॅकोमीटर इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे सरकतो, म्हणजे जमिनीवर हळू चालताना तो कमी मोजतो. एकाच उड्डाणात दोन्हींमध्ये दहा ते वीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. शाळा बिल कोणत्या मीटरवर लावते? गर्दीच्या विमानतळावर दहावे विमान म्हणून रांगेत उभे असताना हॉब्स चालू असतो आणि वडिलांचे पैसे तिकडे धुरात जात असतात. तासाचा दर स्वस्त दिसला, की आधी हा प्रश्न. दुसरा प्रश्न: दर इंधनासह आहे की इंधन वेगळे?

खरी माहिती शाळेच्या कार्यालयात मिळत नाही, ती नुकत्याच परतलेल्या विद्यार्थ्यांकडे मिळते. शाळेने स्वतः जोडून दिलेला माजी विद्यार्थी नको. गेल्या सहा महिन्यांत तिथून परत आलेला आणि परदेशी परवाना डीजीसीएकडून भारतीय करून घेतलेला मुलगा शोधा. नागपुरात, पुण्यात, दिल्लीच्या द्वारकेतल्या क्लासेसमध्ये असे खूप भेटतात. त्याला एवढेच विचारा: किती पैसे सांगितले होते आणि किती लागले? किती महिने सांगितले होते आणि किती गेले? उत्तर द्यायला तो थोडा वेळ घेईल. त्या वेळात बरेच काही कळते.

पैशांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण इथे घरे बसतात. सीपीएलचा खर्च इथे असो वा परदेशात, अर्ध्या कोटीच्या घरात जातो. वऱ्हाडात इतकी रक्कम उभी करायची म्हणजे बहुतेकांना जमिनीकडेच बघावे लागते. पण शेतजमीन सरफेसी कायद्याच्या वसुलीतून वगळलेली आहे, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका वावर सहसा स्वीकारत नाहीत. त्या घर, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. मग वावर विकण्याची घाई होते. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, हे मी इथल्या माणसाला सांगायला नको.

आणि आलेले पैसे शाळेला एका रकमेत देऊन टाकतात, कारण पूर्ण रक्कम आगाऊ भरली तर सूट मिळते. ही सूट घेऊ नका. फ्लाइंग स्कूल बुडतात. अमेरिकेत नेवाडाची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी संस्था फेब्रुवारी २००८ मध्ये एका झटक्यात बंद पडली आणि आगाऊ पैसे भरलेले अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी रस्त्यावर आले. स्कॉटलंडमधल्या डंडीची टेसाइड एव्हिएशन १९६८ पासून चालू होती. एप्रिल २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पंचावन्न वर्षे जुनी शाळा बुडू शकते, तर पाच वर्षे जुन्या शाळेची हमी कोण देणार? जो पैसा शाळेकडे आगाऊ गेला, तो दिवाळखोरीत शेवटच्या रांगेत उभा राहतो. म्हणून मागच्या खुर्चीवरच्या त्या बाबांचा प्रश्न. योग्य उत्तर असे: उडवाल तसे भरा, नाहीतर टप्प्याटप्प्याने, आणि एका वेळी शाळेकडे जास्तीत जास्त वीस-पंचवीस तासांचे पैसे राहू द्या. शाळा याला तयार नसेल, तर ती आपल्यासाठी नाही. सोडताना उरलेले पैसे किती दिवसांत परत, तेही करारात लिहून घ्या.

पाठवताना करही बघा. परदेशी शिक्षणासाठी वर्षाला दहा लाखांपर्यंत रक्कम पाठवल्यास टीसीएस कापला जात नाही. त्यावरच्या रकमेवर कापला जातो, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. हा कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण वेळेवर हातात पैसा नसला तर मुलाचे उड्डाण थांबते.

या सगळ्याच्या आधी करायच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या अकोल्यात बसूनच सुरू होतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आहे का ते बघा. नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय देता येतात. आणि वैद्यकीय तपासणी. आधी वर्ग २, मग वर्ग १. रंग ओळखण्याच्या दोषापायी लाखो रुपये भरल्यानंतर बाहेर पडावे लागलेली मुले आहेत. वर्ग १ चे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेला एक रुपया पाठवू नका. यात मी सवलत देणार नाही. त्यानंतर डीजीसीएचे लेखी पेपर इथेच द्या: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन, टेक्निकल. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओ परवाना पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, तो २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने डीजीसीएकडे आला. पेपर इथे पास होऊन गेलेला मुलगा तिकडे जास्त वेगाने शिकतो आणि परत आल्यावर त्याचे वर्ष वाया जात नाही. शिवाय पुस्तक हातात धरवते की नाही, हे लाख रुपयांच्या आतच कळून जाते.

परत आल्यावरचे दिवस कोणी सांगत नाही. परदेशी परवाना भारतीय करून घेताना त्या देशाच्या यंत्रणेकडून परवान्याची पडताळणी यावी लागते, वहीची छाननी होते, उड्डाण चाचण्या पुरेशा ताज्या असाव्या लागतात. सहा महिन्यांतल्या त्या १५ तासांची अट आठवा. कागद रेंगाळले आणि सहा महिने उलटले, तर तास पुन्हा उडवायचे, तेही भारतीय शाळेत, भारतीय दराने. म्हणून कागद तिथे असतानाच गोळा करायचे: प्रत्येक पानावर शाळेचा शिक्का, शिक्षकांचे परवाना क्रमांक, चाचण्यांच्या प्रती. वहीत खोटे तास लिहिण्याचा मोह कोणी दाखवला, तर तिथून उठून यावे. वैमानिकांच्या बोलीत अशा तासांना 'पार्कर' तास म्हणतात, पेनने उडवलेले. २०११ मध्ये बनावट कागदांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले, अटका झाल्या आणि देशभर परवान्यांची छाननी झाली. त्या तासांच्या भरवशावर मागे दीडशे प्रवासी बसणार असतात.

परवान्यानंतरही ए-३२० सारख्या विमानाचे टाइप रेटिंग लागते, त्याचे आणखी लाखो रुपये. आणि नोकरी बाजारावर अवलंबून असते. डीजीसीएने २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिले, तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या मागण्या नोंदवल्या, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एप्रिल २०१९ मध्ये. विमाने येण्यास वर्षे लागतात, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. एक-दोन वर्षे नोकरीविना काढता येतील एवढी तजवीज हिशेबात धरूनच निघावे.

आणि आता घराजवळचे बघा, कारण तुलना त्याच्याशी करायची आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही उड्डाणाचे तास वाढावेत म्हणून गोंदियात विमाने आणली, इतके आपले आकाश चांगले आहे. बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव इथे शाळा आहेत. नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये महाज्योतीने ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली. तिची पुढची जाहिरात येते का, यावर लक्ष ठेवा. आणि बेलोरा. तिथल्या ठरलेल्या ३४ विमानांपैकी ३१ पायपर आर्चर डीएक्स आणि ३ दोन इंजिनांची डायमंड डीए-४२ आहेत. ही दोन्ही जेट इंधनावर चालतात. ज्या देशात छोट्या विमानांचे पेट्रोल महाग आणि दुर्मीळ आहे, तिथे हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला आहे. एअरलाइनची स्वतःची शाळा असली म्हणजे शिकवणाऱ्याला आणि नोकरी देणाऱ्याला एकाच दर्जाची काळजी असते, आणि हा फायदा मला मोठा वाटतो.

पण इथल्या शाळाही डोळे झाकून घेऊ नका. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. वरच्या श्रेणीत एकही नव्हती, १३ संस्था बी मध्ये आणि २२ सी मध्ये होत्या. यादी वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघते. परदेशाची तिकिटे बघण्याआधी ती बघा.

शेवटी एक काम सांगतो. आज रात्री मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि पसंत पडलेल्या शाळेला एक ईमेल लिहा. त्यात डीजीसीएचे आकडे एकाखाली एक लिहा: २०० एकूण, १०० कमांड, २० लांब उड्डाण, ३०० सागरी मैलांचे एक, १० उपकरणांचे, ५ रात्रीचे. प्रत्येकासमोर विचारा, तुमच्या ठरलेल्या शुल्कात यातले किती बसतात, त्यातले विमानात एकट्याने किती, आणि जादा लागले तर तासाला किती. उत्तर लेखी मागा. ज्या शाळेकडून आठ दिवसांत आकड्यांनिशी उत्तर आले नाही, तिला पैसे पाठवू नका.